खोलीबाहेर गेलेली गोष्ट

निधनवार्तांचे मजकूर आमच्या कार्यालयात दुपारी चारपर्यंत येतात. निवृत्तीनंतरही हे एक पान मी पाहतो. नाव, वय, राहण्याचं ठिकाण, पश्चात कोण, अंत्यविधी कुठं. विशेषणं काढायची, कारण एकाला ठेवली तर सगळ्यांना ठेवावी लागतात. दीड महिन्यापूर्वी एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून आलेला सहा ओळींचा मजकूर मी असाच उघडला आणि सवयीनं पहिल्या ओळीतला ‘विद्यार्थीप्रिय’ हा शब्द काढून टाकला. नाव त्यानंतर वाचलं. बिराजदार सर पुण्यात मुलीच्या घरी सकाळी वारले होते आणि अंत्यविधीही तिथंच उरकला होता. पश्चात मुलगी, जावई, नात. मजकूर चार ओळींत बसवला, पानाला पाठवला आणि जागेवरच बसून राहिलो. पश्चात कोण, या यादीत मित्र लिहायची पद्धत नाही…

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, वर्गात मराठी. विषय भूगोल. पण सोलापुरात त्यांना ओळखणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते भूगोलाचे होते हे ठाऊक असेल. एकोणीस वर्षं त्यांच्याकडे महाविद्यालयाचा विद्यार्थी कल्याण विभाग होता. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, पूर्वी तिथं क्रिकेटचं सामान ठेवत. वसतिगृहाचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, मेसमधल्या तक्रारी ही कागदावरची कामं. कागदावर नसलेलं काम दुपारी चार ते सहा चालायचं. या वेळात कुणीही यावं, कारण सांगू नये, बसावं. माढ्याच्या, सांगोल्याच्या, मंगळवेढ्याच्या बाजूची मुलं व्हरांड्यात कठड्याला टेकून आपल्या पाळीची वाट पाहत. कुणाची आई आजारी असे, कुणाला घरची आठवण सोसत नसे, कुणाला लग्न ठरवल्याचं नुकतंच कळलेलं असे. सर त्यांना फार काही सांगत नसत. बाहेर येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला विचारायचो, सर काय म्हणाले? बहुतेकांना सांगता यायचं नाही.

मी तेव्हा शिक्षणाच्या बातम्या पाहायचो. मेसच्या तक्रारीवरून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो आणि मग दर गुरुवारी जाऊ लागलो. सहा वाजता खोलीला कुलूप लावून आम्ही समोरच्या टपरीवर चहा घ्यायचो. ते मला ‘प्रतिनिधी’ म्हणत, कारण माझ्या बातम्यांवर नावाऐवजी ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढंच असे. “काय प्रतिनिधी, आज शहरात काय काय घडलं नाही?” हा त्यांचा नेहमीचा पहिला प्रश्न. मला एकट्याला राहायची सवय होती, त्यांच्या पत्नी वारल्यापासून त्यांनाही ती लावून घ्यावी लागली होती. आठवड्यातला हा एक तास आम्हा दोघांना पुरत असावा. निदान मला पुरायचा.

अकरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका गुरुवारी सरांनी मला सांगोला तालुक्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. त्याला इथं मायाप्पा म्हणतो. हे त्याचं नाव नाही. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला होता, त्याच्या वाडीतून या शाखेला आलेला पहिलाच. व्याख्यानं इंग्रजीत, आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पण त्यानं वर्ग चुकवला नाही. मागच्या बाकावर बसून तो शिक्षकाच्या तोंडून येणारा प्रत्येक इंग्रजी शब्द जसा ऐकू येईल तसा देवनागरीत उतरवत राहिला. तीन महिन्यांत दोन वह्या भरल्या. वाचता येत होत्या, कळत नव्हत्या. चाचणीत सगळ्या विषयांत नापास झाला आणि घरी मात्र अभ्यास बरा चाललाय असं सांगत राहिला. वडील मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर असत, त्यामुळे ते निभत होतं. सरांनी मला हे सांगितलं ते कौतुकानं. “दोन वह्या हो,” ते म्हणाले, “एक ओळ सोडलेली नाही.” चहा संपला, आम्ही आपापल्या वाटेनं गेलो. छापू नका असं ते म्हणाले नाहीत. टपरीवर चहा पिणारा माणूस वार्ताहरही असतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि छापू का हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अडचणींवर मी एक बातमी केली. दोन वह्यांनी सुरुवात केली. मुलाचं नाव दिलं नाही. नाव वगळलं की काम झालं, असं मला त्या काळी वाटायचं. बाकीचा तपशील अचूक दिला. तालुका, शाखा, वाडीतून आलेला पहिलाच, वडील मेंढपाळ, चाचणीत नापास, घरी माहीत नाही. बातमी चांगली झाली असं संपादक म्हणाले. वसतिगृहात ती सकाळी आठला पोचली आणि त्याला ओळखायला कुणाला पाच मिनिटंही लागली नसतील. मेसमध्ये पोरं म्हणू लागली, “काय रं, आज कंच्या पानावर हाईस?” कुणीतरी त्याची वही पळवून मोठ्यानं वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन निघून गेला.

त्या गुरुवारी सर मला काही बोलले नाहीत. चहा पिताना एवढंच म्हणाले की शनिवारी सांगोल्याला जाणार आहे, येता का. शनिवारी पालिकेची सभा होती. तसं सांगितलं. सभा होती हे खरं होतं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, हेही खरं होतं. त्या दिवसापासून त्यांनी मला प्रतिनिधी म्हणणं बंद केलं. नावानं हाक मारू लागले. त्यात राग नव्हता, आणि तेच मला जड जायचं.

सांगोल्याहून आल्यावर सरांनी सभागृहात विद्यार्थ्यांना बोलावलं. प्राचार्यांचं मत होतं की वृत्तपत्राला खुलासा पाठवावा आणि विषय संपवावा. सरांनी तो पाठवू दिला नाही. मी सभागृहात शेवटच्या रांगेत वही घेऊन बसलो होतो. सर मंचावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. खोलीतली एक गोष्ट खोलीबाहेर गेली, ती माझ्या तोंडून गेली, चूक माझी आहे, असं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. कारण दिलं नाही. एका मुलानं उठून विचारलं, “पण सर, सांगितलं कुणाला होतं तुम्ही?” सर म्हणाले, “ते सांगितलं, तर आणखी एक गोष्ट खोलीबाहेर जाईल.” मी शेवटच्या रांगेतून उठून ‘मला’ एवढा एक शब्द बोललो असतो तर पुरेसं होतं. मी वहीत तारीख लिहिली, खाली काहीच लिहिलं नाही, आणि सभा संपायच्या आधी बाहेर पडलो.

त्यानंतर खोलीत कुणी आलं नाही. एक अख्खं सत्र. सर चारला दार उघडत आणि सहाला लावत. मी गुरुवारी थोडा लवकर जायचो, तेव्हा व्हरांड्यातून ते दिसायचे. टेबलावर काही नाही, समोर कुणी नाही, दार सताड उघडं. पोरं समोरून जाताना मोबाईलमध्ये पाहत किंवा पलीकडच्या जिन्यानं जात. काही दिवसांनी त्यांच्यासमोर एक पुस्तक दिसू लागलं. तेलुगूचं पहिलीचं पुस्तक. शहरातल्या विणकर वस्तीतून येणाऱ्या मुलींच्या आया मराठी बोलतात, पण काळजीचं बोलायला लागल्या की तेलुगूवर जातात, आणि मग मुलीलाच मध्ये बसून दोन्ही बाजूंचं सांगावं लागतं. जे मुलीबद्दल बोलायचं ते मुलीच्याच तोंडून जातं. सरांना हे बरेच दिवस खटकत होतं आणि आता वेळ होता. पन्नाशी उलटलेला माणूस रिकाम्या खोलीत मोठ्यानं अक्षरं वाचत बसायचा. पुढच्या सत्रात एक मुलगी दारातून जाता जाता थांबली आणि हसू आवरून म्हणाली, “सर, तसं नाही म्हणत ते. तुम्ही बकरीला हाक मारताय.” तिनं आत येऊन उच्चार सुधारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी सरांनी दार थोडं लोटून घेतल्याचं मी व्हरांड्यातून पाहिलं, म्हणजे ती स्वतःबद्दल काही सांगत होती. काय, ते मला माहीत नाही. त्या एका बातमीनंतर सरांनी मला कुठल्याही विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. आमच्या चहाला त्यानंतर विषय कमी पडू लागले.

हळूहळू मुलं परतली. चार-पाच वर्षांत इतर महाविद्यालयांनी सरांना आपल्या विद्यार्थी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बोलवायला सुरुवात केली. अशा एका कार्यशाळेला मी हजर होतो. मागे फ्लेक्स होता, ‘नेतृत्व, संवाद व समुपदेशन कौशल्ये’. सर फ्लेक्सकडे वळून म्हणाले, “तीन मोठे शब्द आहेत. जेवणापर्यंत आपण गप्प बसायला शिकू. उरलेलं जेवणानंतर.” मग त्यांनी प्राध्यापकांच्या जोड्या लावल्या. एकानं पाच मिनिटं आपली खरी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, आपला अनुभव सांगायचा नाही. पहिल्याच मिनिटाला कोपऱ्यातून आवाज आला, “अहो, मग रात्रीचं दही बंद करा ना आधी.” सगळे हसले, सरही हसले. पण पाच मिनिटं संपेपर्यंत चौदापैकी अकरा जोड्यांत ऐकणारा बोलत होता. सर म्हणाले की मुलगा खोलीत येतो तेव्हा अडचणीच्या निम्म्या वाटेवरच असतो, उरलेली निम्मी वाट त्याला चालू द्यावी लागते. आपण उठून त्याला आणायला गेलो की तो परत फिरतो. बसून राहायचं. दार उघडं ठेवायचं. किती दिवस, असं एका बाईंनी विचारलं. “त्याचा हिशेब ठेवायचा नाही, बाई,” सर म्हणाले. मी हे टिपून घेतलं. माझ्याविषयी ते बोलत असतील असा विचार मनात आला नाही.

सर निवृत्त झाले, मी झालो, गुरुवार त्यांच्या घरी होऊ लागला. फुप्फुसांचं दुखणं वाढलं तेव्हा मुलगी पुण्याला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी मी गेलो. त्या बातमीबद्दल आज बोलायचं असं ठरवून गेलो होतो. दोन बॅगा भरून तयार होत्या. पाणी किती दिवसांनी येतं, मागच्या खोलीच्या खिडकीचं दार बसत नाही, किल्ली कुणाकडे ठेवायची, यावर आम्ही अर्धा तास बोललो. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, “आणखी?” मी म्हणालो, काही नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, “आणखी काही?” त्यांना धाप लागत होती, बोलवत नव्हतं, तरी दोनदा विचारलं. तब्येत सांभाळा म्हणून मी उठलो. फाटकापर्यंत ते आले नाहीत, येऊ शकत नव्हते…

महाविद्यालयातल्या शोकसभेला बरीच जुनी मुलं आली होती. मला बोलायचा आग्रह झाला, मी नको म्हणालो. सभा सुटल्यावर बाहेर कडुलिंबाखाली तिशीचा एक माणूस उभा होता, बाजूला मोटारसायकल, हाताच्या नखांत माती. त्यानं आपलं नाव सांगितलं तेव्हा मी त्याला ओळखलं. चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. मायाप्पा. सांगोल्याजवळ त्याची डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. मग मी त्याला सांगितलं, अकरा वर्षांपूर्वीची ती बातमी मी लिहिली होती. त्या वेळी सभागृहात सगळ्या पोरांपुढं न बोललेलं वाक्य झाडाखाली एका माणसापुढं बोललो.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. “म्हंजे तुमी व्हय ते,” तो म्हणाला.

मग त्यानं मला ते सांगितलं जे मी त्या शनिवारी पालिकेची सभा सोडून गेलो असतो तर समोर बसून ऐकलं असतं. बातमी वाडीतल्या सलूनमध्ये वाचली गेली होती आणि त्या वेळी त्याचे वडील तिथंच, अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत बसले होते. वाचणारा म्हणाला होता, “नाव झाकलंय, पर मेंढरं कुटं झाकत्यात?” वडील तसेच उठून घरी आले. मुलगा नापास झाला याचं त्यांना फार नव्हतं. सर वाडीवर आले तेव्हा ते एवढंच म्हणत राहिले, “पेपराला कळलं. मला न्हाय.” सर त्यांच्याबरोबर दिवसभर मेंढरांमागं हिंडले. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, “लिवनारा कुटं हाय?” सर म्हणाले, “येईल.” नाव सांगितलं नाही. पुढं दर वर्षी सर एकदा सांगोल्याला जात, आणि वडील दर वर्षी विचारत, आला न्हाय व्हय अजून? सर म्हणत, येईल.

कॉलेज सोडलंस ते माझ्या बातमीमुळं का, असं मी विचारलं. तो विचार करून म्हणाला, “निम्मं. निम्मं तुमच्यामुळं, निम्मं त्या इंग्रजीमुळं.” वडील आहेत का, हे विचारायला मला धीर लागला. “हायत की,” तो म्हणाला. “पर आता ऐकू येत न्हाय त्यास्नी.” निघताना त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्या पहिल्या दिवशी सरांना महाविद्यालयात नोंद द्यायची होती, म्हणून वडिलांचं बोलणं त्यांनी कागदावर लिहून घेतलं होतं. लिहून झाल्यावर ते सगळं वडिलांना वाचून दाखवलं आणि विचारलं, ह्यातलं काय नको? वडिलांनी एक वाक्य काढायला लावलं. सरांनी ते त्यांच्यासमोर खोडलं. पुढं खोलीतही त्यांनी तोच नियम केला, मुलाबद्दल लिहिलेला प्रत्येक कागद आधी त्या मुलानं ऐकायचा. अकरा वर्षं दर आठवड्याला मी त्यांना भेटत होतो, आणि हे मला सांगोल्याच्या माणसाकडून कळलं. “सरांवर लिवणार आसाल तर तुमी बी वाचून दाखवा,” मायाप्पा म्हणाला.

गेल्या रविवारी हा लेख घेऊन मी एसटीनं सांगोल्याला गेलो. नर्सरीत शेडनेटच्या सावलीत त्याचे वडील बाजेवर बसले होते. मायाप्पा त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं ओरडला, पेपरवालं आल्यात. त्यांना काय कळलं ते सांगता येत नाही. त्यांनी मला बसायची खूण केली, माझ्यामागच्या रस्त्याकडं पाहिलं आणि विचारलं, “मास्तर न्हाय आलं व्हय संगं?” मायाप्पानं मान खाली घातली आणि मला म्हणाला, वाचा तुमी. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. पाऊण तास लागला, कारण मध्ये गिऱ्हाईक आलं आणि त्याला रोपं द्यावी लागली. माझ्या चुकीची जागा आली तेव्हा मी वडिलांकडं पाहून वाचलं. ते माझ्या ओठांकडं पाहत होते.

सांगोला राहू दे, मेंढरं राहू देत, असं मायाप्पा म्हणाला. नाव मात्र आजोबांचं घाला, ते आता कुणाला आठवत नाहीत. वह्यांबद्दल त्याची हरकत नव्हती. त्या अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. वडिलांबद्दलचं एक वाक्य त्यानं काढायला सांगितलं. ते काढलं आहे. उरलेला मजकूर सरांबद्दलचा आहे. त्यातलं काय नको, हे विचारायला कुणी नाही, म्हणून तो जसा लिहिला तसा ठेवला आहे.